ठेवीचा धर्म

हुबळी-धारवाडकडील आपल्या जुन्या मराठी घरांत एक निराळीच कालगणना प्रचारात होती. अमक्याची मुंज प्लेगच्या आधीची, तमकीचे लग्न प्लेगनंतरचे, असे वडीलधारी माणसे सांगत. शक आणि सन मागाहून आठवत. आमच्या लहानपणी ज्या वृद्ध स्त्रिया हे सांगत, त्यांनीही ते आपल्या सासूकडून ऐकलेले असे. १८९८ साली हुबळीत प्लेगने थैमान घातले, तेव्हा माणसे राहती घरे सोडून माळावर आणि शेतांत झोपड्या बांधून राहिली, ही हकीकत अनेकांच्या घरी सांगितली गेली असेल. आमच्या आजोळी तिला एक पुरवणी होती. काखेत गाठ आलेल्या एका दिराला घरच्यांनी तपासणीचे लोक येताच बळदात उतरवले, वर ज्वारीची पोती रचली आणि घरात कोणी आजारी नाही असे सांगितले. तो दीर वाचला की गेला, हे कथेत कधीच येत नसे. घर कसे वाचले, एवढेच येई.

त्या घराने डॉक्टरला फसवले, असे आज आपण सहज म्हणू. पण घरच्यांना भीती डॉक्टरची नव्हती, त्याच्या मागून जे येतात त्यांची होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा अमलात आला आणि पुण्यात घरोघर तपासणीसाठी सैनिक शिरले. पुढे २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास आपणांस पाठ आहे. आपण तो देशभक्तीच्या अंगाने वाचतो आणि ते योग्यच आहे. आरोग्याच्या अंगाने वाचला तर त्यातून आणखी एक बोध निघतो. रोगी शोधायला बंदूकधारी माणूस आला की रोगी दडतो, आणि दडलेला रोगी रोग वाढवतो. याच्या उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच गावात घडले. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढच्याच वर्षी हुबळीत हजारो लोकांनी ती टोचून घेतली, आणि एखाद्या गावाने एवढ्या प्रमाणावर लस घेण्याचे ते त्या काळातील ठळक उदाहरण ठरले. धाकदपटशा येथे मुळीच नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अनोळखी सुईपुढे दंड उघडा करणाऱ्या माणसाच्या मनात भयाबरोबर थोडासा विश्वासही असावा लागतो.

हे सारे आठवण्याचे कारण एका प्रश्नात आहे. रोग आवरण्यासाठी म्हणून सरकारने जी माहिती लोकांकडून घेतली, ती गुन्हा शोधण्यासाठी पोलिसांना द्यावी काय?

२०२० साली हा प्रश्न आपल्या उंबऱ्यावर आला होता. आम्हांस निवृत्त होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. परगावाहून आलेल्यांच्या हातावर शाईचा शिक्का बसू लागला. घरात अलग राहणाऱ्यांच्या घरांचे पत्ते मार्चअखेरीस कर्नाटक सरकारने जाहीर केले. अशा लोकांनी सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत दर तासाला स्वतःचे छायाचित्र घेऊन सरकारी ॲपवर पाठवावे, असे फर्मान निघाले. रोजच्या पत्रकात रोग्याचे नाव नसे, क्रमांक असे. पण वय, गाव आणि कोठून आला एवढे दिले की आपल्यासारख्या गावात नाव सांगण्याची गरज उरत नाही. भाजीच्या गाडीपाशी तो क्रमांक कोणाचा याची उकल पाच मिनिटांत होई. आम्हीही हे सारे मुकाट्याने सोसले, किंबहुना पुष्कळदा त्याचे समर्थन केले. संकट मोठे होते. त्या दिवसांत प्रश्न विचारणे आम्हांस अप्रशस्त वाटले होते.

त्याच वर्षी २ एप्रिलला केंद्र सरकारने 'आरोग्य सेतू' सुरू केला. त्यातील माहिती केवळ आरोग्याच्या उपाययोजनेसाठी वापरावी आणि सर्वसाधारणपणे १८० दिवसांपलीकडे ठेवू नये, असा नियम ११ मे रोजी निघाला. तो नियम सरकारी आदेशाचा होता, संसदेने केलेल्या कायद्याचा नव्हता. कुलगाम जिल्ह्यात ही माहिती पोलिसांना दिली गेल्याचे २०२१ साली माहितीच्या अधिकाराखालील एका उत्तरातून बाहेर आले. त्याच वर्षी २५ जानेवारीस आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयात, मुख्य न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती विश्वजित शेट्टी यांच्या पीठाने अंतरिम आदेश दिला. ॲप वापरणाऱ्यांची जाणती संमती नसेल तर केंद्र सरकारने व राष्ट्रीय सूचना केंद्राने त्यांची आरोग्यविषयक माहिती इतरांना देऊ नये, असा त्याचा आशय होता. माणसाने एका कामासाठी 'हो' म्हटले, म्हणून दुसऱ्या कामासाठीही तो 'हो' म्हणाला असे धरता येत नाही, ही साधी गोष्ट न्यायालयास सांगावी लागली.

सिंगापूरची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथील 'ट्रेसटुगेदर' हे ॲप मार्च २०२० मध्ये निघाले. त्यातील माहिती फक्त संसर्ग शोधण्यासाठी वापरली जाईल, अशी ग्वाही मंत्र्यांनी जाहीरपणे दिली होती. जानेवारी २०२१ पर्यंत सुमारे ७८ टक्के लोकांनी ते स्वीकारले. नेमके तेव्हाच, ४ जानेवारीस, संसदेत एका प्रश्नाच्या उत्तरात सरकारने सांगितले की फौजदारी संहितेनुसार पोलीस ही माहिती मागू शकतात. एका खुनाच्या तपासात ती मागितलीही गेली होती आणि तिचा उपयोग मात्र झाला नव्हता. शिस्तप्रिय म्हणून नावाजलेले ते नगरराज्य, पण तेथेही लोक संतापले. मंत्र्यांनी चूक कबूल केली आणि फेब्रुवारीत कायदा करून पोलिसांचा अधिकार सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करण्यात आला. ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य सरकारने मे २०२० मध्येच, म्हणजे आपले ॲप सुरू करून थोडेच दिवस झाले असताना, त्यातील माहितीचा अन्य वापर हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला होता. त्याच देशातील पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने आपल्या निराळ्या ॲपसाठी असा कायदा केला नाही. तेथे पोलिसांनी एका खुनाच्या तपासासाठी ती माहिती मिळवली, आणि जून २०२१ मध्ये त्या राज्यास तसा कायदा घाईने करावा लागला.

परदेशातील पोलिसांची ही चर्चा आम्ही अलिप्तपणे केली असती. तसे करण्यास आम्हांस एक अडचण आहे. हीच गोष्ट आम्ही स्वतः केली आहे, आणि तेव्हा ना ॲप होते ना संगणक.

१९९०-९१ च्या सुमारास आम्ही उत्तर कर्नाटकातील एका तालुक्यात तहसीलदार होतो. पावसाळ्याच्या तोंडी वांतीजुलाबाची साथ आली. आरोग्य खात्याची एक सिस्टर वाडीवस्त्यांवर हिंडून घरोघरच्या नोंदी करी. घरात माणसे किती, जुलाब कोणास, पाणी कोठले, आणि बाहेरगावचा पाहुणा कोणी आला आहे काय. शेवटचा रकाना साथ कोठून कोठे सरकते हे कळावे म्हणून होता. ते रजिस्टर रोजच्या अहवालासाठी संध्याकाळी आमच्या कचेरीत येई. एके दिवशी ठाण्याचे सबइन्स्पेक्टर चहाला आले. बांधाच्या भांडणातून झालेल्या एका खुनातील आरोपी महिनाभर फरारी होता. आसपासच्या वस्त्यांवर नवखे कोण आले आहेत हे रजिस्टरावरून कळेल, तेवढे पाहू द्यावे, असे ते म्हणाले. लेखी मागणी त्यांनी केली नाही आणि आम्हीही विचारली नाही. सिस्टर तेथेच उभी होती. ती कानडीत हळू आवाजात म्हणाली, "साहेब, औषधासाठी म्हणून विचारून घेतलंय हे मी." आम्ही तिला काय उत्तर दिले हे आता स्मरत नाही. बहुधा काहीच दिले नाही. रजिस्टर मात्र टेबलावरून पुढे सरकवले.

आरोपी दुसऱ्याच पहाटे सापडला. बहिणीकडे येऊन राहिला होता आणि जुलाबाने हैराण झाला होता, म्हणूनच बहिणीने त्याचे नाव पाहुण्यांच्या रकान्यात घातले होते. खून त्याने केला होता, हे पुढे न्यायालयात सिद्धही झाले. मयताची विधवा एकदा कचेरीत आली आणि काही न बोलता हात जोडून उभी राहिली. ते हात आम्ही विसरलेलो नाही. या लेखात पुढे जे म्हणणार आहोत, ते त्या जोडलेल्या हातांसमोर म्हणता आले पाहिजे, हे आम्ही जाणतो.

साथ ओसरल्यासारखी झाली आणि पंधरवड्याने पुन्हा उसळली. त्या वस्तीच्या पानावर मात्र प्रत्येक घरासमोर एकच शेरा होता: आजारी कोणी नाही. वरिष्ठांना तो शुभ वाटला. सिस्टरला तो शुभ वाटला नाही. ती म्हणाली, दारे उघडतात, पाणी विचारतात, पण बोलत नाहीत. चौथ्या दिवशी त्या वस्तीवरून एक मूल बैलगाडीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले. डोळे खोल गेले होते. जलसंजीवनीची जी पुडी सिस्टरच्या पिशवीत रोज त्या दारावरून गेली होती, ती दोन दिवस आधी घरात गेली असती तर पुरली असती. आता उशीर झाला होता. आमच्या कृत्यामुळेच ते मूल गेले, असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. मुले त्या साथीत अन्यत्रही गेली. पण त्या वस्तीने तोंड का मिटले, याचे दुसरे कारण आजवर आम्हांस सापडलेले नाही. आणि बळदात दडवलेल्या त्या दिराची गोष्ट लहानपणापासून ऐकूनही आम्हांस ती रजिस्टर पुढे सरकवताना आठवली नाही, हे अधिक बोचते.

पोलिसांचा आम्ही दोष मानत नाही. खुन्यास शोधणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य होते आणि ते त्याने निष्ठेने केले. चुकलो ते आम्ही, कारण ते रजिस्टर आमचे नव्हते. ते सरकारचे होते, हे उत्तरही पुरेसे नाही. त्यातील प्रत्येक ओळ कोणी तरी, काही तरी मनात धरून, विश्वासाने सरकारच्या हाती ठेवलेली होती. ती ठेव होती.

ठेवीचा विचार आपल्या परंपरेने बारकाईने केला आहे. व्यवहाराच्या अठरा पदांत निक्षेप हे एक पद आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे, म्हणजे आत काय आहे हे न सांगता बंद करून दिलेल्या ठेवीचे, स्वतंत्र प्रकरण आहे. जिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका आपल्याच कर्नाटकातील कल्याणीस, चालुक्यांच्या राजधानीत लिहिली गेली, तीच ही स्मृती. ठेव जशी दिली तशीच परत करावी. ज्याने ती स्वेच्छेने स्वतःच्या उपयोगाला लावली, त्याला दंड करावा आणि वृद्धीसह ती परत करावयास लावावी. मात्र ती राजाने, दैवाने अथवा चोराने नेली तर ठेवणाऱ्याकडून भरपाई घेऊ नये. शास्त्रकाराने राजा आणि चोर यांना एकाच समासात बसवले आहे, याचे आम्हांस पूर्वी हसू येई. आता त्यातील गांभीर्य दिसते. सावकाराकडील ठेव राजाने नेली, तर सावकार बिचारा काय करणार? ही सबब रास्त आहे. पण ठेव ज्याच्याकडे ठेवली तोच राजा असेल, तर ही सबब तो कोणत्या तोंडाने सांगणार? आरोग्य खात्याच्या हातातील वही पोलीस खात्याच्या हातात गेली, तर सरकारच्या दृष्टीने ती उजव्या हातातून डाव्या हातात गेली. देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ठेव मोडली गेली.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की ज्याने काही केले नाही त्याला भिण्याचे कारण काय. उत्तर त्या वस्तीने दिले आहे. तेथे आरोपी एक होता आणि तोंड मिटलेली घरे वीसच्या वर होती. आजार ही गोष्टच अशी आहे की त्याबरोबर कुळाची, सोयरिकीची, पोटापाण्याची दहा गुपिते बाहेर येतात. त्यांतील एकही गुन्हा नसतो, तरी ती चारचौघांत सांगण्यासारखी नसतात.

दुसरा आक्षेप कायद्याचा. पोलिसांना कागद मागण्याचा अधिकार आहेच की. तो आहे. १९७३ च्या फौजदारी संहितेच्या कलम ९१ नुसार ठाण्याचा प्रमुख लेखी आदेशाने तपासाला आवश्यक ते कागद मागवू शकत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ९४ झाले आहे. पण त्याच कलमात एक गंमत आहे. टपाल खात्याच्या ताब्यातील पत्र किंवा साधे पोस्टकार्ड या अधिकारातून वगळलेले आहे. ते हवे असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अथवा न्यायालयाकडे जावे लागते. म्हणजे ज्या पोस्टकार्डावरील मजकूर पोस्टमन वाचू शकतो, त्याला जेवढे संरक्षण आहे तेवढे रोग्याच्या रजिस्टराला नाही. जनगणनेचे उदाहरण तर आम्हां महसूलवाल्यांच्या नित्य परिचयाचे. १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणासही नाही, आणि त्या कायद्याखालील खटले सोडता न्यायालयात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. लोकांनी खरे सांगावे यासाठीच ही तरतूद आहे. घरात माणसे किती या माहितीला जर एवढी भिंत, तर त्यांतील आजारी कोण या माहितीला का नको? एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने ती भिंत उभी केली. न्यायालयाच्या आदेशावाचून कोणासही आपली स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही. जे एका रोगाबाबत सुचले, ते सर्व साथींबाबत सुचण्यास हरकत नसावी.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो त्या विधवेचा आहे. तिच्या पतीचा मारेकरी मोकळा हिंडू द्यावा काय? येथे आम्ही संपूर्ण मनाईचा आग्रह धरणार नाही. कोणाचा जीव त्या क्षणी धोक्यात असेल, पळवून नेलेले मूल शोधायचे असेल, तर नियम वाकला पाहिजे. एरवी मात्र पोलिसांनी न्यायाधीशाचे दार ठोठवावे, गुन्हा भारी असावा, दुसरा मार्ग उरला नसल्याचे दाखवावे, एका माणसापुरते मागावे आणि अख्खी वही कधीही मागू नये. साथ संपली की वही नष्ट व्हावी, आणि ती नष्ट झाली हे लोकांस कळावे. या नियमाने त्या दिवशी आरोपी निसटला असता काय? असता, कदाचित. ती किंमत आहे आणि ती नाकारून हा नियम मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु आरोपी शोधायला पोलिसांपाशी दहा वाटा असतात. दहा मैलांच्या टापूतील आजारी पोर शोधायला सिस्टरपाशी एकच वाट होती, आणि ती वाट म्हणजे लोकांचे बोलणे.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो मागण्यास गेले ते आपल्याच उच्च न्यायालयाचे वयोवृद्ध निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, हे आपणांस अभिमानास्पद आहे. रुग्णालयास दिलेली माहिती अनधिकाराने इतरांस देणे हा खाजगीपणाचा भंग होय, आणि साथीच्या अभ्यासासाठी नावे झाकून तिचा उपयोग करणे मात्र रास्त, असा विवेक त्या निर्णयातच सांगितला आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण गुन्ह्याच्या तपासासाठी त्याने सवलत मोकळी ठेवली आहे. दरम्यान आपल्या आरोग्याच्या वह्या कचेरीतील कपाटातून निघून संगणकात जात आहेत. आमच्या रजिस्टरात एका तालुक्यातील काही वस्त्या होत्या आणि ते पुढे सरकवायला निदान एक हात लागला होता. त्या हाताला लाज वाटण्याची शक्यता होती. यंत्राला ती नाही, म्हणून ती लाज आता कायद्यात लिहिली पाहिजे.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात. आम्हांस या प्रकरणी दुःखही आहे आणि काळ सोकावल्याचे भयही आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण येईल यात शंका नाही. तेव्हा कोणी तरी वही घेऊन आपल्या दाराशी येईल आणि विचारील, घरात आजारी कोणी आहे काय. त्या वेळी आपल्या नातसुनेने खरे उत्तर द्यावे असे वाटत असेल, तर आपण दिलेले कोठे जाईल हे तिला आधीच ठाऊक असले पाहिजे.

ती सिस्टर पुढे बदली होऊन गेली. निरोपाच्या दिवशी तिने ते रजिस्टर, पाने मोजून, आमच्या टेबलावर ठेवले आणि पोच मागितली. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही हजारो पोचपावत्यांवर सह्या केल्या. त्या एका सहीला मात्र आमचा हात थांबला होता.